ठराव, अधिनियम आणि स्वायत्तता : राष्ट्रीय सांस्कृतिक न्यासाच्या प्रस्तावापासून अकादम्यांपर्यंत

१. प्रास्ताविक

मराठी साहित्यविचाराला 'स्वायत्तता' ही संज्ञा नवी नाही. बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारापासून रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथापर्यंत कलाकृतीच्या स्वायत्ततेचा प्रश्न पुनःपुन्हा चर्चिला गेला आहे. कलाकृतीचे मूल्यमापन तिच्याबाहेरील निकषांनी करावे की नाही, हा त्या चर्चेचा गाभा होता. मात्र ज्या संस्था ग्रंथांना पारितोषिके देतात, अनुवाद करवून घेतात, कोश आणि संपादित ग्रंथ प्रसिद्ध करतात, त्या संस्थांच्या स्वायत्ततेचा विचार आपल्याकडे तुलनेने फार थोडा झाला आहे. तो प्रशासनाचा विषय आहे, वाङ्मयाचा नव्हे, अशी एक समजूत त्यामागे असावी. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, हे पाहणे आवश्यक आहे. कारण कोणत्या ग्रंथाला मान्यता मिळावी आणि ती कोणाला काढून घेता यावी, हा प्रश्न अखेर वाङ्मयीन मूल्यमापनाच्या अधिकाराचाच प्रश्न होय.

शब्दाच्या घडणीकडे लक्ष दिल्यास या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. संस्कृतात 'आयत्त' म्हणजे अधीन, अवलंबून असलेले. 'परायत्त' म्हणजे दुसऱ्याच्या अधीन आणि 'स्वायत्त' म्हणजे स्वतःच्या अधीन. म्हणजेच अधीनता या कल्पनेतून ही संज्ञा सुटलेली नाही. अधीनता कोणाची, एवढाच तिच्यातील भेद आहे. त्यामुळे एखाद्या संस्थेच्या घटनेत 'ही संस्था स्वायत्त राहील' असे वाक्य असले, तरी तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. तिचे पदाधिकारी कोण नेमतो, तिला पैसा कोठून आणि कोणत्या अटींवर मिळतो, आणि तिची घटना बदलण्याचा किंवा तिचा कारभार हाती घेण्याचा अधिकार कोणाकडे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच ती 'स्व-आयत्त' आहे की 'पर-आयत्त', हे ठरविता येते.

प्रस्तुत लेखात भारतातील राष्ट्रीय अकादम्यांचा विचार या तीन प्रश्नांच्या आधारे करावयाचा आहे. या अकादम्या संसदेच्या अधिनियमाने नव्हे, तर शासनाच्या ठरावाने अस्तित्वात आल्या. अशा संस्थेसाठी कायदा करावा, हा विचार त्यामुळे स्वाभाविकपणे पुढे येतो. तो कायदा पुरेसा ठरेल काय, आणि न ठरल्यास त्यात काय कमी पडते, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे.

२. न्यासाची कल्पना आणि अकादम्यांची स्थापना

या विचाराचा आरंभ स्वातंत्र्यपूर्व काळात झालेला दिसतो. संस्कृतीच्या सर्व क्षेत्रांतील कार्याला उत्तेजन देण्यासाठी एक राष्ट्रीय सांस्कृतिक न्यास स्थापन करावा, असा प्रस्ताव बंगालच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने मांडला होता. तत्कालीन भारत सरकारने १९४४ मध्ये तो तत्त्वतः मान्य केला. साहित्य, नृत्य-नाट्य-संगीत आणि कला व वास्तुकला अशा तीन अकादम्या या न्यासात अंतर्भूत व्हावयाच्या होत्या.

येथे 'न्यास' हा शब्द लक्षणीय आहे. न्यासाच्या कल्पनेत देणारा, सांभाळणारा आणि लाभ घेणारा हे तिघे भिन्न असतात. देणाऱ्याने एकदा दिल्यानंतर ती वस्तू त्याची राहत नाही, आणि सांभाळणाऱ्यालाही ती स्वतःची म्हणून वापरता येत नाही. शासन हे देणारे, न्यास हा सांभाळणारा आणि लेखक, कलावंत व समाज हे लाभधारक, असे नाते या शब्दात सूचित झाले आहे. प्रत्यक्षात मात्र हा न्यास साकार झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर ही योजना सोडून दिली गेली नाही. १९४९ मध्ये कलकत्ता येथे कलाविषयक परिषद भरली. १९५१ मध्ये नवी दिल्ली येथे साहित्य आणि नृत्य-नाट्य-संगीत या विषयांच्या दोन परिषदा झाल्या. या परिषदांच्या शिफारशींतून तीन स्वतंत्र राष्ट्रीय अकादम्यांची कल्पना दृढ झाली. संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन २८ जानेवारी १९५३ रोजी, साहित्य अकादमीचे १२ मार्च १९५४ रोजी आणि ललित कला अकादमीचे ५ ऑगस्ट १९५४ रोजी झाले. साहित्य अकादमीच्या स्थापनेचा ठराव शासनाने डिसेंबर १९५२ मध्ये केला होता. तिचे पहिले अध्यक्ष पंतप्रधान जवाहरलाल नेहरू होते आणि १९६४ मध्ये निधन होईपर्यंत ते त्या पदावर राहिले.

स्थापनेनंतर या अकादम्यांची नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली झाली. साहित्य अकादमीची नोंदणी ७ जानेवारी १९५६ रोजी, ललित कला अकादमीची १९५७ मध्ये आणि संगीत नाटक अकादमीची १९६१ मध्ये झाली. गावोगावची वाचनालये, शिक्षणसंस्था आणि नाट्यमंडळे ज्या प्रकारच्या कायद्याचा आधार घेतात, त्याच प्रकारच्या, एकोणिसाव्या शतकातील एका सर्वसाधारण कायद्याच्या आधारे देशाच्या या सर्वोच्च सांस्कृतिक संस्था उभ्या आहेत.

याउलट, इतर अनेक सांस्कृतिक संस्थांसाठी संसदेने स्वतंत्र कायदे केले. विश्वभारती (१९५१), सालारजंग वस्तुसंग्रहालय (१९६१), पाटण्याचे खुदाबख्श ग्रंथालय (१९६९), रामपूरचे रझा ग्रंथालय (१९७५), कलकत्त्याची एशियाटिक सोसायटी (१९८४) आणि चेन्नईचे कलाक्षेत्र (१९९३) ही त्याची उदाहरणे होत. या यादीतून एक विसंगती स्पष्ट दिसते. हस्तलिखिते आणि संग्रह यांच्या रक्षणासाठी अधिनियमाची गरज संसदेला वाटली. वर्तमान साहित्याच्या मूल्यमापनाचा अधिकार ज्या संस्थेकडे आहे तिच्यासाठी मात्र शासकीय ठराव पुरेसा मानला गेला.

३. एक उगम, भिन्न घटना

तिन्ही अकादम्यांचा उगम एकाच योजनेत असला, तरी अध्यक्षांच्या निवडीबाबत त्यांच्या घटनांत महत्त्वाचा भेद आहे. साहित्य अकादमीचा अध्यक्ष तिची सर्वसाधारण परिषद निवडते. संगीत नाटक आणि ललित कला या अकादम्यांच्या अध्यक्षांची नियुक्ती राष्ट्रपती करतात. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने कार्य करीत असल्यामुळे ही नियुक्ती व्यवहारतः शासनाची नियुक्ती ठरते.

साहित्य अकादमीच्या सर्वसाधारण परिषदेत शासनाचे नामनिर्देशित सदस्य असतात. परंतु राज्यांचे, विद्यापीठांचे आणि अकादमीने मान्य केलेल्या २४ भाषांचे प्रतिनिधी यांच्या तुलनेत त्यांची संख्या अल्प असते. पहिल्या प्रश्नाच्या कसोटीवर ही अकादमी इतर दोघींपेक्षा अधिक स्वायत्त आहे, असे निःसंशय म्हणता येईल. तथापि या पद्धतीलाही एक मर्यादा आहे. विविध संस्थांनी सुचविलेल्या नावांतून नव्या परिषदेचे बहुसंख्य सदस्य मावळती परिषद निवडते. त्यामुळे शासनाचा हस्तक्षेप टळतो, पण वर्तुळ आतून बंद होण्याची शक्यता निर्माण होते. स्वायत्तता ही काहींची मिरासदारी होऊ नये, यासाठी घटनेत वेगळी तजवीज असावी लागते.

दुसऱ्या, म्हणजे पैशाच्या प्रश्नाबाबत मात्र तिघींची स्थिती सारखीच आहे. तिन्ही अकादम्या मुख्यत्वे केंद्र शासनाच्या वार्षिक अनुदानावर चालतात. कायम निधीच्या व्याजावर चालणारी संस्था आणि दरवर्षी मागणी सादर करणारी संस्था यांच्या मानसिकतेत फरक पडणे अपरिहार्य आहे. अनुदान कधीच रोखले गेले नाही, तरी ते रोखता येते ही जाणीव निर्णयप्रक्रियेत उपस्थित असतेच.

अकादम्यांच्या कार्याचे परीक्षण शासनाने वेळोवेळी करविले. डॉ. होमी भाभा, न्या. जी. डी. खोसला आणि पी. एन. हक्सर यांच्या अध्यक्षतेखालील समित्या या दृष्टीने उल्लेखनीय आहेत. हक्सर समितीचा अहवाल १९९० मध्ये सादर झाला. परंतु परीक्षण करविणारा आणि अनुदान देणारा एकच असल्यामुळे अशा समित्यांनाही या रचनेच्या चौकटीतच काम करावे लागले, हे विसरता येत नाही.

४. ठरावाने दिलेले, ठरावाने घेतलेले

तिसरा प्रश्न घटना बदलण्याच्या आणि कारभार हाती घेण्याच्या अधिकाराचा आहे. या संदर्भात दोन घटनांचा विचार उद्बोधक ठरेल.

एप्रिल २०१५ मध्ये केंद्रीय संस्कृती मंत्रालयाने ललित कला अकादमीचा कारभार आपल्या हाती घेऊन तेथे प्रशासक नेमला. अकादमीच्या कारभाराविषयी तक्रारी होत्या, हे खरे. त्या सर्वस्वी निराधार होत्या असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु प्रश्न तक्रारींच्या खरेखोटेपणाचा नसून त्यांच्या निराकरणाच्या मार्गाचा आहे. ज्या संस्थेचे वर्णन साठ वर्षे 'स्वायत्त' असे केले गेले, तिचा कारभार संसदेत एकही विधेयक न मांडता मंत्रालयाला स्वतःकडे घेता आला. ही घटना संस्थेच्या रचनेवर प्रकाश टाकते.

दुसरी घटना महाराष्ट्रातील आहे. राज्यस्थापनेच्या वर्षीच, १९६० मध्ये, महाराष्ट्र शासनाने साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन केले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे पहिले अध्यक्ष होत. मराठी विश्वकोशाचे काम प्रारंभी याच मंडळाकडे होते; १९८० मध्ये त्यासाठी स्वतंत्र मंडळ निर्माण करण्यात आले. मंडळाची स्थापना आणि त्याच्या कार्याची विभागणी या दोन्ही गोष्टी शासनाच्या निर्णयानेच झाल्या. तर्कतीर्थांसारख्या व्यक्तीच्या अधिकारामुळे या मंडळाला जी प्रतिष्ठा लाभली, तीमुळे त्याच्या कायदेशीर पायाचा प्रश्न दीर्घकाळ कोणाला सुचला नाही.

तो प्रश्न डिसेंबर २०२२ मध्ये तीव्रतेने पुढे आला. राज्य शासनाच्या उत्कृष्ट वाङ्मय पुरस्कारांत अनुवादासाठीचा, तर्कतीर्थांच्याच नावाचा पुरस्कार कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' या इंग्रजी पुस्तकाच्या मराठी अनुवादास ६ डिसेंबर रोजी जाहीर झाला होता. १२ डिसेंबरच्या शासन निर्णयाने तो रद्द करण्यात आला आणि निवड समितीही बरखास्त झाली. या निर्णयाच्या निषेधार्थ भाषा सल्लागार समितीच्या अध्यक्षांनी आणि साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या काही सदस्यांनी राजीनामे दिले.

त्या पुस्तकाविषयी मतभेद असू शकतात. त्याच्या लेखकाच्या राजकीय विचारांना विरोध असणाऱ्यांचाही तो विरोध मांडण्याचा हक्क मान्य केला पाहिजे. परंतु परीक्षकांनी केलेला वाङ्मयीन निर्णय सहा दिवसांत एका शासकीय कागदाने निरस्त होऊ शकतो, ही बाब त्या पुस्तकापुरती मर्यादित राहत नाही. ज्या अधिकाराने तो पुरस्कार रद्द झाला, तोच अधिकार पुढे कोणत्याही पक्षाच्या शासनाला, कोणत्याही विचाराच्या ग्रंथाबाबत उपलब्ध राहतो. ठरावाने मिळालेली वस्तू ठरावाने परत घेता येते. मंडळाला दिलेला अधिकार हा न्यास नव्हता, तर हातउसना होता, असेच यातून निष्पन्न होते.

५. अधिनियम पुरेसा आहे काय?

वरील विवेचनावरून संसदेने किंवा विधिमंडळाने कायदा केल्यास प्रश्न सुटेल, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. अधिनियमाने स्थापन झालेल्या संस्थेचा एक लाभ निर्विवाद आहे. तिच्या रचनेत बदल करावयाचा झाल्यास सभागृहात विधेयक आणावे लागते. तेथे विरोधी पक्षाला बोलता येते आणि चर्चेची नोंद राहते. मंत्रालयात होणारा निर्णय त्यामुळे सार्वजनिक होतो. हा लाभ कमी लेखता येणार नाही.

तथापि अधिनियमाचे मूल्य त्यातील कलमांवर अवलंबून असते. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेल्या कलाक्षेत्रासाठी १९९३ मध्ये अधिनियम झाला आणि ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून घोषित झाली. परंतु नियामक मंडळाच्या अध्यक्षांची नेमणूक केंद्र शासनाकडे आली. म्हणजे ठरावाने चालणाऱ्या साहित्य अकादमीला अध्यक्षनिवडीचे जे स्वातंत्र्य आहे, ते अधिनियमाने प्रतिष्ठित झालेल्या कलाक्षेत्राला नाही.

प्रसार भारतीचा अनुभवही असाच बोधप्रद आहे. तिचा अधिनियम १९९० मध्ये संमत झाला, पण अमलात येण्यासाठी सप्टेंबर १९९७ उजाडावा लागला. राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नियुक्त केलेली एक व्यक्ती अशा तिघांच्या समितीने तिच्या अध्यक्षांची शिफारस करावी, अशी विचारपूर्वक केलेली तरतूद त्यात आहे. मात्र आर्थिक बाबतीत ती शासनावर अवलंबून राहिली. नेमणुकीचे कलम चांगले आणि पैशाचे कलम दुबळे असल्यास काय होते, याचे हे उदाहरण होय.

परदेशांतील कायद्यांतही हीच तीन सूत्रे वेगवेगळ्या प्रमाणात आढळतात. कॅनडाने १९५७ मध्ये कायद्याने कॅनडा कौन्सिलची स्थापना केली, तेव्हा दोन धनिकांच्या मृत्यूनंतर वारसाकरातून आलेल्या रकमेपैकी पाच कोटी डॉलर तिला कायम निधी म्हणून देण्यात आले. न्यासाच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारी अशी ही व्यवस्था होती. पुढे कार्य वाढले, व्याज अपुरे पडू लागले आणि संसदेच्या वार्षिक अनुदानाचा आधार घ्यावा लागला. अमेरिकेत २९ सप्टेंबर १९६५ रोजी कला आणि मानव्यविद्या यांच्या राष्ट्रीय प्रतिष्ठानाचा कायदा झाला. परंतु १९९० मध्ये प्रतिनिधिगृहांनी त्यात दुरुस्ती करून अनुदान देताना सभ्यतेचे सर्वसाधारण निकष विचारात घ्यावेत, असे बंधन घातले आणि १९९८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. कायदा करणाऱ्या सभागृहालाच कायद्यातून नियंत्रण आणता येते, हे यावरून दिसते.

सर्वांत अलीकडचे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे आहे. तेथे १९७५ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या कलामंडळाची पुनर्रचना करून २०२३ च्या अधिनियमाने 'क्रिएटिव्ह ऑस्ट्रेलिया' ही संस्था निर्माण करण्यात आली. विशिष्ट कलावंताला किंवा प्रकल्पाला अनुदान द्यावे अथवा देऊ नये, असा आदेश मंत्र्याला देता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद त्या कायद्यात आहे. असे असूनही फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हेनिस येथील कलाप्रदर्शनासाठी केलेली खालेद सबसबी यांची निवड, सिनेटमध्ये प्रश्न उपस्थित होताच, संस्थेच्या मंडळाने स्वतःच मागे घेतली. कलाक्षेत्रातून तीव्र निषेध झाला आणि जुलै २०२५ मध्ये ती निवड पुन्हा कायम करण्यात आली. कायदा मंत्र्याचा हात रोखू शकतो. मंडळाच्या मनातील धास्ती मात्र त्याला काढून टाकता येत नाही.

६. संस्थेचे वर्तन

अखेरचा मुद्दा यातूनच उद्भवतो. शासनापासून मुक्तता आणि जबाबदारीची जाणीव या दोन भिन्न गोष्टी आहेत. ऑगस्ट २०१५ मध्ये साहित्य अकादमीचे पुरस्कारप्राप्त कन्नड विद्वान डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची हत्या झाली. त्यानंतर अनेक लेखकांनी अकादमीचे पुरस्कार परत केले. त्यांचा अकादमीवरील आक्षेप ती शासनाच्या ताब्यात आहे एवढ्यापुरता नव्हता. एका लेखकाच्या हत्येनंतर लेखकांच्या संस्थेने वेळीच आणि ठामपणे बोलावयास हवे होते, हा होता. २३ ऑक्टोबर २०१५ रोजी अकादमीच्या कार्यकारी मंडळाने हत्येचा निषेध करणारा ठराव संमत केला. निवडून आलेला अध्यक्ष आणि बहुसंख्य अशासकीय सदस्य असलेल्या संस्थेलाही या टप्प्यावर येण्यास सुमारे पावणेदोन महिने लागले. तिला बोलण्यापासून रोखणारे कोणतेही कलम तिच्या घटनेत नव्हते.

७. समारोप

वरील चर्चेतून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. राष्ट्रीय किंवा राज्य पातळीवरील सांस्कृतिक संस्थेला अधिनियमाचा आधार असणे इष्ट आहे, कारण ठरावावर उभी असलेली स्वायत्तता शासनाच्या मर्जीवर टिकते. परंतु अशा संस्थेच्या विधेयकाचे स्वागत केवळ ते विधेयक आहे म्हणून करणे योग्य होणार नाही. अध्यक्ष आणि सदस्य कोण निवडणार, मावळत्या सदस्यांचा त्यात किती वाटा राहणार, निधी कायम स्वरूपाचा की वार्षिक, परीक्षकांचा निर्णय कोणाला फिरविता येणार, कारभार हाती घेण्याचा अधिकार कोणत्या कारणांसाठी आणि किती मुदतीपुरता असणार, आणि शासनाने दिलेला प्रत्येक आदेश सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक असणार की नाही, हे प्रश्न त्या मसुद्याला विचारले पाहिजेत. उद्देशपत्रिकेतील भारदस्त शब्दांपेक्षा या कलमांतील 'नियुक्त करील', 'विचारविनिमय करून', 'शासनास आवश्यक वाटल्यास' यांसारखे साधे शब्दप्रयोग अधिक निर्णायक असतात.

शब्दांचे असे बारकाईने वाचन करणे हे साहित्याच्या अभ्यासकाचेच काम आहे. कवितेतील एका अव्ययाचा अर्थ लावण्यासाठी वर्गात तासभर खर्च करणाऱ्या अध्यापकाने आणि विद्यार्थ्याने तेच कौशल्य आपल्या वाङ्मयीन संस्थांच्या घटनांकडे वळविले, तर २०२२ सारख्या प्रसंगी केवळ राजीनाम्याचा मार्ग उरणार नाही. १९४४ च्या प्रस्तावातील 'न्यास' हा शब्द कागदावरच राहिला. त्यामागील कल्पना मात्र आजही विचारार्ह आहे: जे समाजाच्या वतीने सांभाळावयाचे आहे, ते देणाऱ्याच्या मुठीत राहता कामा नये, आणि ज्यांच्याकडे ते सोपविले, त्यांनीही ते भिऊन सांभाळता कामा नये.